मी पांढरे मागितले होते

(ताईचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान. धाकट्या भावाची लाल स्पोर्ट्स कार भिंतीकडे तोंड करून उभी. दिवेलागणीची वेळ.)

ताई : हात नको लावूस. गोंद अजून ओला आहे.

धाकटा : कुठे लावला? वास घेतोय. ताई, हेडलाइटला केकचा वास कसा गं येतो?

ताई : माझ्या ओव्हनमधून निघालाय तो. काच उघडायची तर गोंद शेकून मऊ करावा लागतो. त्यानंतर तुझ्या भावजींनी पाव भाजला, तर पावाला रबराचा वास. बिचाऱ्यांनी गपगुमान खाल्ला.

धाकटा : देवमाणूस.

ताई : आहेतच. आणि तू? पासष्टी उलटल्यावर लाल गाडी, वर तिच्या डोळ्यांत काजळ!

धाकटा : काजळ नाही, एलईडी. आणि नटवायला नाही सांगितलं. तिचे दिवे मंद झालेत. संध्याकाळी रस्ताच नीट दिसत नाही. शनिवारी नातीला होस्टेलवरून आणायचंय, परतताना अंधार होणार, वाट वळणावळणाची. पोरीला शब्द दिलाय, ह्याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून आणीन म्हणून.

ताई : दोन तर सीट आहेत. पुढे नाही बसवणार तर काय डिकीत?

धाकटा : तू लाव ना दिवे.

ताई : लावते. सरक. हा एक, हा दुसरा. बघ भिंतीवर.

धाकटा : ताई, मी पांढरे मागितले होते.

ताई : पांढरेच आहेत.

धाकटा : पिवळट आहेत. जुन्या वर्तमानपत्रासारखे. तुला गंडवलं कुणीतरी. चाळीस वर्षं वायरी जोडतेस आणि...

ताई : एक्केचाळीस. आणि ऐक, काच उघडायच्या आधी मी जुन्या दिव्यांचा उजेड मीटरवर मोजला. नव्यासारखा होता.

धाकटा : मीटर बिघडला असेल.

ताई : मीटर बिघडला, दुकानदार चोर, बहीण आंधळी. तू तेवढा ठणठणीत! इकडे ये. डावा डोळा झाक.

धाकटा : रस्त्यावरून लोक बघतायत. म्हातारा कुणाला डोळा मारतोय म्हणतील.

ताई : गाडीला मार. नाहीतरी माझ्या वहिनीची सवतच आहे ती. हं, काय दिसतं?

धाकटा : पांढरं. आता कसं झकास! काय केलंस?

ताई : बोटही हलवलं नाही. आता उजवा झाक.

धाकटा : (उजवा डोळा झाकतो, उघडतो, पुन्हा झाकतो.)

ताई : बोल की.

धाकटा : थांब. पिवळे दिसतायत. परत बघतो.

ताई : तीनदा झालं. चौथ्यांदाही तेच दिसेल.

धाकटा : आईला असंच झालं होतं ना?

ताई : हो. मोतीबिंदू. ती चुना लावलेली भिंत बघून म्हणायची, हळद कुणी फासली.

धाकटा : तुला आधीच कळलं होतं.

ताई : गेल्या महिन्यात माझ्या फाटकाला घासून गेलास, तेव्हा म्हणालास फाटकच पुढे आलं. फाटक कधी चालतं का रे?

धाकटा : मग एवढा उपद्व्याप कशाला? काच उघडली, पाव नासवलास...

ताई : नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

धाकटा : नाही. अगं, किल्ली खिशात का टाकलीस?

ताई : शनिवारी पोरीला मी आणणार.

धाकटा : माझ्या गाडीतून? बैलगाडीसारखी हाकशील! आणि शब्द मी दिलाय तिला.

ताई : गाडीचा दिलास. ड्रायव्हरचा नाही.

धाकटा : तिनं विचारलं, आजोबा कुठे, तर काय सांगशील?

ताई : सांगेन, आजोबांच्या एका डोळ्याचा बल्ब बदलायचाय. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. ऑपरेशनची तारीख मिळाली की थिएटरबाहेर मीच बसेन.

धाकटा : रडशील.

ताई : मी? ओव्हन घासत बसेन. तुझ्या दिव्यांनी किती घाण केलीय त्यात.

धाकटा : ताई...

ताई : काय?

धाकटा : खरंच पांढरे आहेत?

ताई : दुधासारखे.

धाकटा : मग आत्ता विझव. ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांनी बघेन.