तणावमुक्तीत नापास

— हो, शिट्टी मी वाजवली, तुझ्या कानाशी वाजवली, सगळं मान्य — पण म्हणून चटई परत? आणि ही बॅग? चटई परत करायला कोणी बॅग भरून येतं का? — अच्छा. म्हणजे कॉलेजच सोडायचं. पहिलं वर्ष अजून अर्धंसुद्धा झालं नाही आणि बाईसाहेब निघाल्या घरी. का, तर तणावमुक्तीत नापास! अगं, गणितात उडाली असतीस तर समजलो असतो, रसायनशास्त्रात गचकली असतीस तर मीच म्हटलं असतं, बाई गं, विचार कर — पण तणावमुक्तीत? घरी सांगणार काय तू? मला नीट स्वस्थ पडता आलं नाही, म्हणून आले? — ठेव ती चटई. तिथे नको, तिथली भिंत पाझरते. त्या ढिगावर ठेव. आणि बस. वडील येताहेत ना? मग ते येईपर्यंत बस. अशी उभी राहून माझ्याकडे बघू नकोस, मला गुन्हेगारासारखं वाटतं.

हे बघ, हा विषय मी काढलेला नाही. मी खेळाचा मास्तर. पोरं मागून मला शिट्टीसर म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणू देत. मला मैदान होतं. चांगलं मोठं, चारी बाजूंनी झाडं — आता तिथे प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या असतात आणि झाडांच्या सावलीला प्राचार्यांची. मग मास्तरचं काय करायचं? काढायचा तर आरडाओरडा होईल, ठेवायचा तर द्यायचं काय त्याला? तेवढ्यात वरून फतवा आला की पहिल्या वर्षाच्या मुलांना फार ताण येतो, त्यांच्यासाठी काहीतरी करा. काहीतरी करा म्हटल्यावर आमच्या लोकांनी काय करावं? मुलांशी बोलावं? वसतिगृहाच्या खोलीत चार-चार जणी कोंबल्यात त्या कमी कराव्यात? एकाच आठवड्यात सगळ्या चाचण्या ठेवतात त्या पुढेमागे कराव्यात? छे! विषय काढला. सक्तीचा. हजेरी, गुण, परीक्षा, बाहेरचे परीक्षक — सगळं यथासांग. ताण घालवायचा, आणि नाही गेला तर नापास! मी मीटिंगमध्ये म्हटलं, अहो सर, हे जरा उलटं होतंय. तर प्राचार्य म्हणाले, तुम्हाला मैदान नको होतं का? — म्हणजे काय त्याचा अर्थ? काहीच नाही. पण विषय पडला माझ्या गळ्यात.

मग मला दुसरं काय येतं? शिट्टी येते. एक शिट्टी — आडवे व्हा. दुसरी शिट्टी — डोळे मिटा. तिसरी — खांदे सैल सोडा. हसू नकोस. — नाही हसलीस? हसली असतीस तर बरं झालं असतं. आयुष्यभर पोरांना पळवलं मी, आता पळवायच्याच आवाजात त्यांना सांगतो, शांत व्हा! आणि होतात बिचारी. म्हणजे तसं दाखवतात. कपाळाला आठ्या, मुठी वळलेल्या, डोळे असे गच्च मिटलेले की जणू कोणी सुई टोचणार आहे. परवा परीक्षेला ते परीक्षक फिरत होते ना रांगांमधून, एकेकावर वाकून बघत, तेव्हा तर एकूण एक पोरगं लाकडाच्या फळीसारखं पडलं होतं. आणि ते गृहस्थ खूश! ‘उत्तम शिथिलता’ म्हणाले मला. शिथिलता? अहो, त्या पोरांना उचलून भिंतीला टेकवून ठेवलं असतं तरी वाकली नसती.

आणि त्यात तू. खिडकीकडून शेवटची. तोंड उघडं, एक हात चटईच्या बाहेर, आणि घोरतेयस. अगदी घरच्यासारखी! परीक्षक थांबले. म्हणाले, ही झोपली आहे. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, नियमाप्रमाणे विद्यार्थ्यानं जागं राहून शिथिल व्हायचं आहे. झोपणाऱ्यांना शून्य. — आता तूच सांग, जागं राहून शिथिल व्हायचं म्हणजे काय करायचं? मला नाही माहीत. मी शिकवतो, पण मला नाही माहीत. घरी मी करून बघतो ना, पलंगावर आडवा पडतो, डोळे मिटतो, खांदे सैल — तर आमची बायको म्हणते, अहो, तुम्ही पडल्या पडल्यासुद्धा शिट्टी फुंकल्यासारखे गाल फुगवता. जिन्याखाली स्कूटर लावली की मी तिथेच बसून राहतो कितीतरी वेळ. वर जायचं म्हटलं की पुन्हा एकदा आरसा पुसायला घेतो. का? काही कारण नाही. बायको चांगली आहे, घर चांगलं आहे. यंदा निकाल शंभर टक्के लागला नाही तर हा हॉलसुद्धा जायचाय माझ्या हातून — पण ते जाऊ दे, ते तुला सांगायचं नव्हतं.

काय सांगत होतो? शिट्टी. तर नियम होता म्हणून वाजवली असं मी काल प्राचार्यांना सांगितलं. खोटं आहे ते. नियमात शून्य द्या एवढंच आहे, उठवा असं कुठे आहे? हळूच हात लावून उठवता आलं असतं. नुसतं पडू दिलं असतं तरी काय बिघडत होतं? पण मी खाली वाकलो, तुझ्या तोंडाकडे बघितलं — आणि मला राग आला. कसला राग ते ऐक. मला तुझा हेवा वाटला! इतकी सगळी माणसं त्या हॉलमध्ये, मी धरून, परीक्षक धरून, आणि एकटीला तुला जमलं. आणि मी शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली. तू दचकून उठून बसलीस, सगळा वर्ग खो-खो हसला, आणि तू चटई काखेला मारून, चपला हातात घेऊन बाहेर गेलीस. चपला घालायचंसुद्धा सुचलं नाही तुला. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही गं. मी पोरांना रडवलंय पळवून पळवून, पण ती रडून झाल्यावर पाणी प्यायची आणि परत यायची. तू परत आलीस ती चटई घेऊन.

तर ऐक. मला मोठमोठं बोलता येत नाही. तू नापास झालीस ते अभ्यासात नाही, एवढं कळतंय का तुला? किती दिवस झोपली नव्हतीस तू? त्या खोलीत रात्रभर दिवा असतो ना? आणि घरी फोन केला की म्हणतेस, मजेत आहे — म्हणत असशीलच, सगळी तेच म्हणतात. कोणाला सांगितलंस का एकदा तरी? मला नाही सांगितलंस. मला का सांगशील म्हणा, मी तर शिट्टीवाला. पण आता विचारतोय ना मी — जायचंय का तुला खरंच? की नुसतं कुठेतरी शांत पडायचंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. माझंच बघ, मला कधी कधी वाटतं की नोकरी सोडावी, आणि हवं असतं काय तर — अगं, बोल की काहीतरी. मघापासून मीच बडबडतोय. हो नाही, काहीतरी म्हण. रागाव हवं तर. — पोरी?

अगं…

झोपली.

बसल्या बसल्या, चटयांच्या ढिगाला टेकून. तोंड उघडं. कमाल आहे! मी इथे जीव तोडून —

कोण? — श्श्! हळू, हळू बोला. तुम्ही वडील का? या, पण चपला तिथेच काढा, फरशीवर वाजतात. — नाही, बरं आहे तिला. झोपलीय. — नाही हो, उठवायचं नाही. मी सांगतो ना. — बस गेली तर जाऊ दे, नंतरची असेल. आणि घरी न्यायची की इथे ठेवायची ते तिलाच विचारा, पण जागी झाल्यावर. मी विचारलं, तर उत्तर यायच्या आत मीच बोलत सुटलो. — मी? मी इथला मास्तर. तिला शून्य मिळालं ते माझ्याच विषयात. काय चुकलं तिचं? काही नाही. ती झोपली. सांगेन नंतर, तुम्हाला पटायचं नाही.

बसा, ही वरची चटई घ्या, तिचीच आहे. आणि हे जरा तुमच्या खिशात ठेवा. — शिट्टी आहे. माझ्याजवळ असली की तोंडात जाते. ठेवा हो, परत देऊ नका. आता काही विचारू नका. बसा गप्प.