कोर्टातला गारवा

आमच्या तालुक्याचं जुनं दगडी कोर्ट सुधारलं, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. परदेशात वास्तुकला शिकून परतलो तो त्याच्या व्हरांड्यावर लेख लिहायचा म्हणून. इंग्रजी अमदानीपासून शिपाई त्या व्हरांड्याच्या कमानीत उभा राहून पक्षकारांची नावं पुकारायचा आणि ती थेट आवारातल्या चिंचेखाली ऐकू जायची. आता कमानींना काचा लागल्यात आणि आत एसी.

चिंचेखाली ठाकरवाडीची चांगुणाबाई बसली होती. जमिनीची केस. "नाव आलं आन मी नाय दिसले, तर केस गेली रं बाबा."

बराच वेळ झाला म्हणून मी काचेतून डोकावलो. शिपाई रिकाम्या बाकांसमोर उभा राहून तिचंच नाव ओरडत होता!

मी दार ढकललं. "अहो, बाहेर येऊन पुकारा की!"

"साहेब, दार लावा. गारवा जातोय."

"आणि बाईची जमीन जातेय ती?"

मी हाक मारली, बाई धावत आत गेली. हजेरी लागली, पुढची तारीख मिळाली. पदर घट्ट लपेटून कुडकुडत ती बाहेर आली.

"एवढी वर्सं केस टिकली कशी, ते आज कळलं रं," ती म्हणाली. "फ्रीजमदी ठेवलीय."