नखरावांचे सिनेमे

— छे हो, आवडते जुने सिनेमे ती काय सांगणार तुम्हाला? दिसतंय कुठे तिला? डोळे जाऊन वर्षं झाली. बसा. अंघोळीला गेलीय, वेळ लागतो. बाळाला घेऊन मुलाखतीला आलात? असू दे, घरी सांभाळायला कोणी नसेल. हळू बोला फक्त, आमच्या कादंबरीकार बाईंचे कान तिखट आहेत. — तर सिनेमे. मूकपट सगळे. नुसता पियानो वाजतो, आणि पडद्यावर काय चाललंय ते मी शेजारी बसून सांगतो. नवऱ्याला तेवढीच नोकरी उरलीय! तो स्टेशनमास्तरचा घ्या — तिचा लाडका. शेवटी सोडून गेलेली बायको गाडीतून उतरते, तो टोपी काढतो, संपलं. मी काय सांगितलं? गाडी आली, गाडी गेली, कोणी उतरलं नाही. रडली हो, ढसाढसा! मी आपला बिस्किट खात बसलो.

असं काय बघताय? पहिल्या कादंबरीत तिने मला छापला तेव्हा मला काय वाटलं असेल? पेपरावर नखं कापून त्यांची पुडी उशाखाली ठेवणारा नखराव — लोक पोट धरधरून हसले. ऑफिसात निवृत्त होईपर्यंत नखराव होतो मी, शिपायापासून साहेबापर्यंत! आणि पुडी उशाखाली नसायची, खिडकीत असायची — ते जाऊ दे. म्हणून म्हणतो, ती सांगेल तेच छापा. 'त्या रिकाम्या फलाटाने मला लिहायला शिकवलं' असलं काहीतरी म्हणेलच. मग हसू देत जाणकार. एकदा तिलाही कळू दे, लोकांचं हसणं कुठे लागतं ते.

तुम्ही का हसताय? — फोनवर बोलली तुमच्याशी? काय म्हणाली? — बायको उतरते म्हणाली? टोपीसुद्धा? — तिने लग्नाआधीच पाहिलेत? सगळे? पाठ आहेत? अहो, मग रडली कशाला? — नवी कादंबरी? कुठली? दुपारी दार लावून टेपवर काहीतरी बोलत असते, मला वाटलं पत्रं असतील. टाइप होऊन आली? तुम्ही वाचलीत? आंधळी बाई... आणि शेजारी बसून खोटे शेवट सांगणारा... नाव काय त्याचं? — तेच? पुन्हा तेच?

बिस्किटसुद्धा आहे त्यात?

— नळ बंद झाला. उठा. बाळ रडतंय तुमचं. नाही? रडेल. या तुम्ही.