बाबारावचे थेंब

तुम्हाला सांगतो, बाबारावला मी आयुष्यात एकदाच नाही म्हटलं. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही सोबत हमाली केली, तंबाखूची डबी दोघांत एक. आता दोघांचेही डोळे कोरडे पडून चुरचुरतात. डॉक्टरांनी मला थेंब दिले, तेव्हा बाबाराव म्हणाला, "टाक गा माह्याही डोळ्यात."

"एकाची बाटली दुसऱ्यानं वापरू नये म्हणे."

"मी परका झालो का बे?" म्हणत तो उठून गेला.

मला चहा गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्यालाही डॉक्टरकडे नेलं. आता त्याची बाटली वेगळी. आपलं आपण टाकलं की टोक डोळ्याला लागतं, ते लागू द्यायचं नसतं. म्हणून हात धुऊन त्याला मी टाकतो, मला तो.

काल मी डोळा मिटला, तर म्हणतो, "उघड ना बे! मी का तुही बायको हाओ भ्यायले?"