घोळ माझाच होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मच्छीमार सोसायटीचे ज्येष्ठ संचालक माननीय एकनाथ तांडेल. खास बोईसरहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, धनवर्धन डायकेम कबड्डी संघाचे व्यवस्थापक मेहुलभाई. आपल्या दर्याराज क्रीडा मंडळाच्या अध्यक्षा हेमांगीताई. कबड्डीतून निवृत्त होत असलेले आजचे सत्कारमूर्ती रूपेश पागधरे. त्यांच्या मातोश्री काशीबाई, ज्या व्यासपीठावर या म्हटलं तरी तिसऱ्या रांगेतच बसून राहिल्या आहेत. आणि किनाऱ्यावरची कामं लवकर आटोपून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी दामू मेहेर. गावाला माझी ओळख नको. मंडप आणि साऊंडचा धंदा माझा, त्यामुळे गेली तीस वर्षं साखरपुड्यापासून कबड्डीच्या सामन्यांपर्यंत या गावात माईकवर आवाज माझाच. ज्याचा माईक त्याचं खरं, अशी आपल्याकडची रीत. आज पहिल्यांदाच हा माईक हातात जड वाटतोय.

माझ्या मागच्या फलकावर रूपेशच्या नावाच्या मधोमध एक पांढरी पट्टी चिकटवलेली तुम्हाला दिसत असेल. सकाळपासून दहा जणांनी विचारलं, दामूभाऊ, छपाईत चूक झाली का? मी हो म्हणालो. ते खोटं होतं. छपाईवाल्याने मी लिहून दिलं तेच छापलं. आपल्याकडे फलकावर खेळाडूचं टोपणनाव कंसात टाकतात, त्या सवयीने मीच लिहून दिलं होतं: रूपेश (घोळ) पागधरे. सकाळी फलक उलगडला तेव्हा काशीबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी वाचलं, आणि जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. माझ्या खिशात दुसरंच भाषण होतं, मेहनतीने लिहिलेलं. ते आता खिशातच राहू दे.

थोडं मागे जातो. अध्यक्ष महाराज, आपल्या संघाकडे तेव्हा काय होतं? बर्फाच्या कारखान्याने दिलेले बनियन, त्यातले तीन उसवलेले. पाण्याची एक कळशी, सात जणांत एक पेला. आणि धनवर्धनचा संघ यायचा एसी बसमधून. सगळ्यांना सारखे ट्रॅकसूट, प्रत्येकाला वेगळी बाटली, आणि पाय चोळायला पगारी माणूस. ती बस मैदानात शिरली की मी स्पीकरचा आवाज वाढवायचो. मेहुलभाई, आज हसू नका, मी खरं सांगतोय. तुमचा संघ मनोरला हरला तरी आम्ही इथे फटाके लावायचो. त्या स्पर्धेत आमचा संघ नव्हताही. ज्यांनी तुम्हाला हरवलं त्यांचं नावसुद्धा आम्हाला माहीत नसायचं. नऊ वर्षं लागोपाठ तुम्ही आमच्या उरावर बसलात, मग आम्ही दुसरं काय करणार? चांगला खेळाडू दिसला की उचलायचा, नोकरीचा कागद द्यायचा, पैशाचा माज सगळा. असं मी माईकवरून म्हणायचो आणि लोक टाळ्या द्यायचे.

मग एका वर्षी रूपेश तुमच्याकडे गेला. आमचा रूपेश. चढाईला निघाला की समोरचे सात जण आपोआप दोन पावलं मागे सरायचे, असा रूपेश.

पुढच्याच स्पर्धेत, पालघरला, अंतिम सामना आपला आणि धनवर्धनचा. रूपेश त्यांच्या बनियनमध्ये चढाईला आला. तिथलं साऊंडचं कामही माझंच, त्यामुळे माईक माझ्या हातात. आणि मी बंदरावरचा लिलाव पुकारला. "आली रे आली, ताजी घोळ. बोत काढलेली घोळ. बोला, कोण बोलतंय? एक वार, दोन वार, तीन वार, गेली धनवर्धनला."

बोईसरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. घोळ हा आमच्याकडचा सगळ्यात महाग मासा, पण त्याची किंमत त्याच्या पोटातल्या पिशवीला. तिला आम्ही बोत म्हणतो. ती काढून घेतली की राहिलेला मासा आपला साधा मासा. म्हणजे मी काय म्हणालो ते तुम्हाला कळलं. या पोराच्या आतलं जे मोलाचं होतं ते विकलं गेलंय, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. दोन हजार माणसं हसली. रूपेश मध्यरेषेवर थांबला, एकदा माईककडे बघितलं, आणि चढाई पुरी करून रिकामा परत गेला. सामना तेच जिंकले. पण मला वाटलं जिंकलो मी.

दुसऱ्या दिवशी काशीबाई माझ्या दुकानात आल्या. बोईसरच्या बाजारात माशांची पाटी लावायच्या, तिथूनच आल्या होत्या, हात धुवायलाही थांबल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दामूभाऊ, मी मासे इकते. पोर नाय इकला."

मी म्हणालो, "अगो, गंमत होती ती."

"गंमत हाय तर तुमच्या पोराची करा," एवढंच बोलून त्या गेल्या.

गंमत अकरा वर्षं चालली. रिक्षावाले त्यांना विचारायचे, काशीबाय, घोळ कितीला दिली? त्यांनी पाटीत घोळ ठेवणंच सोडलं. आज गावात दहा-बारा वर्षांची पोरं आहेत, त्यांना रूपेश हे नाव ठाऊकच नाही. समोर बसलेली आपल्या मुलींच्या संघाची कप्तान स्वरा मला परवा विचारत होती, "काका, घोळसर आमाला शिकवायला येणार हाय ना?" तिची काय चूक?

आता जे सांगतो ते रूपेशला, मेहुलभाईंना आणि काशीबाईंनाच माहीत आहे. आणि मला. रूपेश का गेला, हे मला माहीत नव्हतं असं म्हणालो असतो तर आज किती सोपं झालं असतं. पण मला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून.

तो गेला त्याच्या आधीच्या मोसमात उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा फिरला. तो खाली बसला. मी माईकवरून ओरडलो, "उठ रे, दर्यावर्दीचं पोर आहेस तू." तो उठला आणि उरलेला सगळा वेळ खेळला. आपण जिंकलो. चौथ्या दिवशी काशीबाई माझ्या दारात आल्या. पोराचा पाय सुजलाय, टेकवत नाय, डॉक्टरकडे न्यायला मंडळाचा टेम्पो द्या म्हणाल्या. टेम्पोवर मी अंतिम फेरी गाठल्याच्या मिरवणुकीसाठी साऊंड चढवत होतो. मी म्हणालो, परवा बघू. हळद लावा तोवर.

मिरवणूक छान झाली. ज्याच्यामुळे जिंकलो तो घरी खाटेवर पडून आवाज ऐकत होता.

त्यानंतर पाच महिने मंडळातलं कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही. गेले ते मेहुलभाई. त्यांनी ऑपरेशन करवलं, पाय सरळ होईपर्यंत माणूस पाठवला. मी रस्त्यात गाठून त्यांना म्हणालो, आमचा खेळाडू पळवता? ते म्हणाले, "दामूभाई, पहले उसे चलने तो दो. बाद में जिसका है उसका है." मेहुलभाई, मला तुमच्या पैशाचा राग नव्हता. जे आम्ही करायचं ते तुम्ही केलंत, याचा राग होता. आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी लिलाव पुकारला. मला याची लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

हेमांगीताईंना रूपेशने मुलींचा संघ शिकवायला हवा आहे. आमंत्रण द्यायला मी गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "काका, सत्काराला येतो. शिकवायचं मागून बघू. गावातली पोरं मला काय नावानं हाक मारतील ते आदी सांगा." मी मान हलवून परत आलो, आणि आल्यावर फलकाचा मजकूर लिहून दिला. कंसासकट. बघा, जीभ किती निगरगट्ट झाली होती.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यानंतर रूपेशला शाल-श्रीफळ आणि मातोश्रींना साडी माझ्या हस्ते द्यायची आहे. ते मी करणार नाही. हेमांगीताई करतील. काशीबाई, भरल्या सभेत माफी मागितली की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. ती माईकची दादागिरी मी पुन्हा करणार नाही. उद्या सकाळी बोईसरच्या बाजारात तुमच्या पाटीसमोर येऊन उभा राहीन. तिथे तुम्हाला नाय म्हणता येईल.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, पाहुण्यांनी खुर्ची सोडली नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना एखादा शब्द उणाअधिक झाला असेल तर तो पोटात घाला. मैदानावर जे झालं ते मात्र कुणी पोटात घालू नका. ते अकरा वर्षं काशीबाईंनी एकट्यांनी घातलंय.