सव्वीस भाकऱ्या आणि एक शेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख, विधिज्ञ माननीय वसंतराव. व्यासपीठावरचे मुख्याध्यापक व गुरुजन. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते इंग्रजीचे शिक्षक बसवराज हत्तुरे मास्तर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शांताक्का. येरमाळ्याचे प्रतिष्ठित नागरिक, माताभगिनी, आणि आत जागा असूनही खिडकीत बसलेले विद्यार्थी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाठशाळेत संस्कृत शिकलेल्या माणसाचं पाच मिनिटांत मंगलाचरणही उरकत नाही. म्हणून आज ते गाळतो.

गेली पंधरा वर्षं मी इकडच्या बातम्या साप्ताहिकाला पाठवतो. या कामानं माणसाला एक खोड लागते. हार दिसला की तो फुलं बघत नाही, आतला दोरा बघतो. आज मास्तरांच्या गळ्यातला हार गुडघ्यापर्यंत आला. मागच्या साली गणिताचे मास्तर बदलून गेले, त्यांचा हार पोटापाशीच थांबला होता. मग समितीला एकाएकी एवढं प्रेम कुठून फुटलं? मला ठाऊक आहे. अध्यक्षांनाही ठाऊक आहे. ते आत्ताच पाणी प्यायले.

मास्तरांच्या सर्व्हिस बुकात एक शेरा आहे: ‘चाचणी परीक्षेचा इंग्रजी पेपर फोडल्याचा संशय.’ सोमवारी मास्तर उदगीरच्या शाळेत रुजू होतील. तिथले मुख्याध्यापक हा हार बघणार नाहीत, ते पान बघतील. शेरा समितीनं लिहिला. पण ज्या अहवालावरून लिहिला, तो अहवाल माझा. तेव्हा गुणगान बाकीच्यांनी गावं, मला झालं ते सांगू द्या.

चार वर्षांपूर्वी मास्तर आले, तेव्हाच मला संशय आला. हैदराबादेत बी.ए. झालेला, घरी कानडी बोलणारा माणूस येरमाळ्यात कशाला येईल? आला तर आला, इंग्रजी शिकवायला ग्रीक आणि लॅटिन कशाला लागेल? आमच्या पिढीनं निजामाच्या राज्यात उर्दू पाठ केली. राज्य गेलं आणि इंग्रजी आली. आता तिच्या आज्या-पणज्याही आमच्या दारात येऊन बसणार होत्या का?

शिकवण्याची तऱ्हा तर त्याहून वेगळी. मास्तर जुन्या लग्नपत्रिका गोळा करत. त्यांच्या पाठीवर शब्दांचे तुकडे लिहीत आणि दुरडीत टाकत. एकेका विद्यार्थ्यानं दोन तुकडे उचलायचे आणि सोयरीक जमते का बघायचं. ‘टेली’ म्हणजे दूर. तिला ‘फोन’ हे स्थळ जमलं, ‘ग्राफ’ही जमलं, ‘स्कोप’ही जमलं. एका टेलीच्या तीन सोयरिकी भर वर्गात लागलेल्या पाहून मी मुख्याध्यापकांकडे तोंडी तक्रार केली होती. मुख्याध्यापक हसले. मी हसलो नव्हतो.

एकदा दारात उभा राहून मी ऐकलं, ‘डेंट’ म्हणजे दात आणि ‘पेड’ म्हणजे पाय. मी म्हणालो, “मास्तर, दंत आणि पद हे आमचे आहेत. तुमच्या लॅटिननं ते कधी नेले?”

मास्तर म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमचेच असतील तर आत या की. अर्धा वर्ग तुम्ही घ्या.”

गेलो नाही. चोरीच्या मालावर हक्क सांगायला चावडीत जावं लागतं, वर्गात नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

मग गेल्या वर्षीच्या जानेवारीत मॅट्रिकच्या वर्गाची चाचणी झाली. पेपर बाहेरच्या परीक्षकानं काढलेला, पण सीलबंद पाकीट दोन दिवस मास्तरांच्या कपाटात होतं. त्यात ‘कंपॅनियन’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. सोबती, इतका साधा. वर्गात एकोणतीस जण. त्यातल्या सव्वीस जणांनी लिहिलं, ‘बरोबर बसून भाकरी खाणारा.’ सव्वीस! कुणी पोळी लिहिली नाही, कुणी पाव लिहिला नाही. सव्वीस भाकऱ्या.

समितीनं चौकशीला मला नेमलं, कारण गावात संशय घेण्याचा सराव मलाच जास्त. माझा तर्क असा: बरोबर उत्तरं सव्वीस जणांची जुळतील, पण चूक सव्वीस जणांची कशी जुळेल? चूक ज्याची त्याची असते. म्हणजे कुणीतरी ती आधी सांगितली. त्यात मुलांच्या खिशांत लग्नपत्रिकांचे तुकडे सापडले. मला अजून काय हवं होतं?

मास्तरांना समितीपुढं बोलावलं. ते म्हणाले, “मी तुकडे शिकवले. ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘पॅन’ म्हणजे भाकरी. हा शब्द शिकवला नव्हता. पेपर फोडला असता, तर पोरांनी बरोबर उत्तर नसतं का लिहिलं?”

श्रोतेहो, हे ऐकून कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी वहीत लिहिलं: ‘उत्तर फार तयारीचं वाटलं.’ निर्दोष माणूस जरा अडखळावा अशी माझी अपेक्षा होती. मास्तर अडखळले असते, तर तेही मी लिहिलं असतंच.

मुलांचे मॅट्रिकचे फॉर्म तरीही बोर्डाकडे गेले, हे मुख्याध्यापकांचे उपकार. शेरा मात्र मास्तरांच्या नावावर पडला.

चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरली. रिवाजाप्रमाणे सगळं गाव देवीसाठी चुनखडीचे खडे वेचत होतं, मीही वाकलो होतो. शेजारी जगदेवी, त्या वर्गातली एकमेव मुलगी, आईबरोबर खडे वेचत होती. तिची मॅट्रिक नुकतीच संपलेली. सव्वीसांतली एक भाकरी तिची. माझ्या खिशात काडेपेटी होती. तिच्यावर छापलेला इंग्रजी शब्द मी तिला दाखवला, ‘मॅन्युफॅक्चर.’ म्हणालो, “हा मास्तरांनी शिकवलाय का गं?”

“न्हाय.”

“मग अर्थ सांग.”

तिनं हातातले खडे ओच्यात टाकले. “मॅन्यु म्हंजी हात. फॅक्ट म्हंजी केलेलं. हातानं करायचं.”

“अगं, काड्या कारखान्यात यंत्र करतं. हातानं कोण करतंय?”

“आता यंत्र करत असंल. शब्द जुना हाय, त्याला यंत्र कुठं ठावं?”

तिची आई सिताबाई तिथूनच ओरडली, “देवीच्या दारात बी परीक्षाच का, शास्त्रीबुवा? खडे वेचा की गप!”

मी खडे वेचले नाहीत. उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर, कुणाची वही न बघता, कुणी न सांगता, त्याच जातीची चूक त्या पोरीनं केली होती. आणि ती मी लहानपणापासून करत आलो होतो. धातू घ्यावा, प्रत्यय लावावा, अर्थ उभा करावा, आणि लोक तो शब्द कसा वापरतात हे शेवटी कधीतरी विचारावं, हीच तर आमची पाठशाळा! सव्वीस मुलं माझ्यासारखा विचार करत होती, आणि मी त्याला पेपरफुटी म्हणालो.

ही गोष्ट झाली चैत्रात. आज माघ आहे. अहवाल लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. तो चुकला हे उघड म्हणायला दहा महिने लागले. मधे एकदा वसंतरावांकडे गेलो होतो. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, संशयच तर लिहिलाय, गुन्हा थोडाच लिहिलाय?” वकील आहेत. मलाही तेव्हा ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. मास्तर या दहा महिन्यांत रोज मला रस्त्यात नमस्कार करत होते. त्या नमस्काराचाही मला संशय येई.

शांताक्का, तुम्ही डोळे पुसू नका, मी अजून बसलेलो नाही.

कचेरीतले भाऊ दाराशी उभे आहेत. त्यांच्या हातात मास्तरांचं सर्व्हिस बुक आहे. मी सांगितलं म्हणून आणलं, त्यांना कुणी रागावू नये. भाऊ, या. ते पान उघडून अध्यक्षांपुढं ठेवा. उदगीरची गाडी पाचला आहे, म्हणजे आपल्याकडे पाऊण तास आहे. शेरा खोडण्याचा अधिकार समितीला आहे आणि समिती सगळी इथंच बसली आहे. मी उभा राहीन. मला उभं राहायची सवय आहे.

...वसंतरावांनी चष्मा लावला. माझी दौतही पुढं ठेवतो, म्हणजे शाई नाही असं होणार नाही.

...शेरा खोडला, सही झाली. अध्यक्षमहाराज, मी आपला मनापासून आभारी आहे. हे मी टोमणा म्हणून बोलत नाही, आपण माझ्याकडे बघताहात म्हणून सांगतो. संयोजकांनी पाच मिनिटांची पंचवीस होऊ दिली, त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलण्यात कुठं पाय घसरला असेल तर सभेनं तो पोटात घालावा.

लिहिण्यात जो घसरला, तो मात्र पोटात घालू नका, मास्तर. खोडलेल्या रेघेखालचं वाचता येतं, आणि वाचणारा माझ्यासारखा निघाला तर तो नक्की वाचेल. म्हणून अध्यक्षांच्या सहीखाली मी एक ओळ लिहितो आणि बसतो: ‘हा संशय माझा होता. तो खोटा होता.’ खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. उदगीरला कुणी विचारलं, तर त्याला मला पत्र टाकायला सांगा.