अपघाताविना वर्ष

केंटकी राज्यातल्या एका वकिलाच्या बाहेरच्या खोलीत ओपल आपला दुखरा पाय लांब करून बसली होती. शेजारी एक जोडपं होतं. नवऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. ओपलने मासिक उघडलं खरं, पण पान काही उलटलं नाही.

“आत गेल्यावर खरं सांग, व्हर्लिन. हात लाकडाच्या गिरणीतच चिरडला म्हणून.”

“दवाखान्यात मी घरी गाडीचा जॅक निसटला म्हणालोय, नॅडीन.”

“मोठे आलात दानशूर! का, तर कामावरच्या टोळीची मेजवानी बुडू नये.”

“वर्षभर अपघात नाही झाला तरच मालक देतात ती. चारच दिवस उरले होते. टोळीतली पोरं केव्हापासून त्या डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांची वाट बघत होती.”

“खाल्ल्या ना पोटभर? तुझ्या वाटणीची एक तरी कुणी घरी आणून दिली?”

“डॉयल आणणार होता.”

“त्याच्याच हातून ओंडका सुटला. वकील साक्षीला त्यालाच बोलावणार बघ.”

“त्याला नको गं ओढू यात.”

“मग घर कोण चालवणार? डॉयल?”

“पहाटे अजून जाग येते. वाटतं, आत्ता डॉयल मला कामावर न्यायला फाटकाशी हॉर्न वाजवेल.”

“नाही वाजवत. मीही ऐकत पडलेली असते.”

आतून नाव पुकारलं गेलं. नॅडीनने त्याचा धड हात धरून त्याला उठवलं.

“सांगतो सगळं खरं.”

“शहाणा माझा.”

“फक्त वकिलाला एवढं विचार, डॉयलकडे साक्षीचं विचारायला जाताना मलाही बरोबर नेईल का?”